ठेवणीची राळ

थळच्या काळूरामचे हात सदा राळेने चिकट. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा आणि वर तेलात उकळलेली राळ भरायची, हा त्याचा धंदा. माणूस मुलखाचा भित्रा. प्रत्येक नव्या होडीमागे राळेचा एक गोळा तो चुलीमागच्या कोनाड्यात ठेवी. होडी पहिल्या फेरीवरून परतली, की मगच तो वितळवायचा. त्याआधी त्याला विस्तव लागला तर होडी गेलीच म्हणायची! त्याचा बाप हेच सांगत मेला.

शेजारचा म्हातारा दादू गोऱ्यांच्या आगबोटीवर खलाशी होता. स्वराज्य आल्यावर घरी बसला आणि गप्पा हाणू लागला.

"साहेब राळेला डॅमर म्हणतो. पण शब्द काय त्याच्या बापाचा न्हाय! मलायातल्या लोकांचा. तिकडं झाडाची राळ ती दामर, नि तिची मशाल तीबी दामर. व्यापाराच्या गलबतांवर साहेबानं तो उचलला."

"मशाल?" काळूराम शहारला. "राळ काय जाळायला असते? गप बस, मेल्या!"

मग काळूरामच्या पुतण्याची, हरेश्वरची, नवी होडी पहिल्या फेरीला दर्यात गेली, आणि सांजेला वारं फिरलं. आभाळ काळंठिक्कर, किनाऱ्याजवळचे खडक दिसेनात. काळूरामच्या बायकोने, सोनूबाईने, किनाऱ्यावर कंदील धरला, तो विझला. लाकडं भिजलेली, पेटेनात. काळूरामची पाचावर धारण बसली. आपणच भरलेला सांधा सुटला असेल तर?

"कोनाड्यातला गोळा पेटव!" दादू ओरडला. "राळ वाऱ्याला दाद देत न्हाय."

"पेटवला तर पोर जाईल!"

"न्हाय पेटवला तर खडकावर फुटंल!"

सोनूबाई घरात गेली आणि गोळा आणून नवऱ्याच्या हातात ठेवला.

काळूरामने तो तेलकट फडक्यात बांधून काठीला लावला. आई एकवीरे, सांभाळ गं! राळ भडकली तेव्हा त्याला होडीच पेटल्यासारखं वाटलं. डोळे मिटून तो काठी उंच धरून उभा राहिला. राळ हातावर ठिबकत होती, तरी काठी सोडली नाही.

"काका!" पाण्यातून हाक आली. "उजेड दिसला, म्हणून वळलो. सांधा शाबूत हाय तुझा!"

काळूराम वाळूत बसला आणि पोरासारखा रडला.

भीती काही गेली नाही. पुढच्या होडीपासून कोनाड्यात दोन गोळे दिसू लागले. दादूने विचारलं, तेव्हा तो खालमानेने म्हणाला, "एक आपली राळ. दुसरी तुझी दामर."