हॉर्नवाल्याला राम राम

हायवेवर मागून कुणी गाडी अंगावर घातली, तर नानांचा उपाय ठरलेला होता. नाना म्हणजे माझे थोरले काका. स्वतः चौथी शिकलेले, पण मला बी.ए. करणारे तेच. ते सांगत, कडेला व्हायचं, भांडायचं नाही आणि मागच्याला राम राम करायचा. राम राम करायला त्याला हॉर्नवरचा हात काढावाच लागतो.

नव्वदच्या आसपास धुळ्याच्या एका शाळेत कारकुनाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. वेळ अकराची. आमच्या घरातली ती पहिली नोकरी ठरणार होती, म्हणून नाना स्कूटरवर माझ्या मागे बसून पिंप्राळ्याहून निघालेच.

पारोळा सोडलं आणि एक रिकामा ट्रक भोंगा दाबत पाठीशी लागला. मी कडेला झालो. नानांनी वळून हसत राम राम घातला.

ट्रक पुढे गेला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. मला स्कूटर थांबवावीच लागली.

"राम राम बाबा. राग नका धरा, मी तुमले वळखं नही."

नानांनीही त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. पण ते थोडंच सांगणार!

"तुनी मायनं माहेर कोठलं शे रे?"

आमच्याकडे एवढा प्रश्न पुरतो. गावं जुळवता जुळवता तिसऱ्या गावाला नातं लागलं.

"मंग मी तुना मामा! मामाना मांगे असा भोंगा वाजाडतस का?"

तो ओशाळला. चहा पाजल्याशिवाय सोडेना. मी घड्याळ दाखवलं, तर पाहुणचारात घड्याळ पाहतो म्हणून नानांनी मलाच झापलं. चहा संपला तेव्हा साडेदहा होत आले होते. स्कूटरवर वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. भाच्याने स्कूटर उचलून ट्रकमध्ये टाकली आणि आम्हाला केबिनमध्ये बसवलं.

मग त्याने ट्रक असा हाणला की मी डोळे मिटले. नाना मात्र पुढच्या जीपकडे बोट दाखवत ओरडत होते, "वाजाड! वाजाड ना भाऊ!"

अकराला शाळेच्या फाटकात उतरलो. खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं असावं. आत गेल्यावर अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तो ड्रायव्हर कोण?"

"आतेभाऊ."

"सख्खा?"

खोटं बोलवेना. "पारोळ्यापासून, सर."

सगळे खो खो हसले. पुढे फारसं काही विचारलंच नाही. सोमवारपासून येता का, एवढंच विचारलं.