दोनशे दहा दाब

"तुम्ही फक्त पुसा, मावशी. तोंड नका लावू."

आमच्या मुख्याध्यापिका मॅडम हे सगळ्या स्टाफसमोर बोलल्या. शाळेचा हॉल, खाली सतरंजी, सतरंजीवर रबराची बाहुली, दहा वर्षांच्या पोराएवढी. मूल खेळता खेळता एकदम कोसळलं, हृदय थांबलं तर काय करायचं, ते शिकवायला बाहेरून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. एकेक टीचर गुडघ्यावर बसायची. बाहुलीची छाती तीसदा दाबायची, मग नाक धरून, तोंडाला तोंड लावून दोनदा श्वास द्यायची. ती उठली की मी स्पिरिटच्या बोळ्यानं बाहुलीचं तोंड पुसायचं. मग पुढची.

शेवटी डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, या, तुम्हीपण करून बघा. मी पदर खोचला. खोटं कशाला बोलू, मला लय हौस होती. तेवढ्यात मॅडमनी ते वाक्य टाकलं. हळूच, हसून. दोघी-तिघी टीचर मोबाइलात बघायला लागल्या. मॅडमनी जात काढली नाय. काढावी लागतच नाय, आडनाव हजेरीच्या वहीत असतं. माझा चहाचा कपसुद्धा वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. बारा वर्षं मी तो मुकाट्यानं धूत होते. बाहुलीत जीव नव्हता, तरी तिला माझं तोंड चालत नव्हतं. मी बोळा उचलला आणि पुसलं.

पण झालं काय, टीचर लोकांचं लक्ष आपापल्या नंबरापुरतं. मी मात्र बाहुलीच्या उशाशी बसून तेच ते पंचवीस-तीसदा ऐकलं. छातीच्या मधोमध हात. जोरात दाबा, भराभर दाबा. थांबू नका. मला पाठ झालं.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या काचेच्या कपाटात एक लाल पेटी आली. हृदयाला झटका देऊन चालू करायचं मशीन. ॲडमिशनला आलेल्या पालकांना मॅडम ती कौतुकानं दाखवायच्या. रोज पुसायचं काम माझं. उघडायचं नाय, असं बजावलेलं.

जानेवारीत गॅदरिंगची तालीम चालू होती, ग्राउंडवर, लेझीमची. नाशिकची थंडी, पोरं स्वेटर काढून नाचत होती. पाचवीतली एक पोरगी नाचता नाचता खाली गेली. लेझीम आधी पडलं, मग ती. तिला मी नर्सरीपासून ओळखत होते. तिची ओली चड्डी मी बदललीय. तेव्हा माझा हात कुणाला खुपला नाय.

खेळाचे सर म्हणाले, उपाशी आली असेल, चक्कर आलीय. मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, किचनमधनं कांदा आणा. पळा."

आमच्याकडे कुणी पडलं की फोडलेला कांदा नाकाला लावतात. माझ्या सासऱ्याला मीच लावला होता. पण मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. डोळे अर्धे उघडे, आणि मधूनच एखादा आचका. डॉक्टरीणबाईंचे शब्द कानात होते. असे आचके म्हणजे श्वास नाय, ही चक्कर नाय, लगेच दाबायला घ्या. मला कळलं. पक्कं कळलं.

आणि मी कांदा आणायला पळाले.

लाज वाटते ती याची. मॅडमच्या बोलण्याची नाय, माझ्या पायांची. सांगितलं की पळायचं, हे अंगवळणी पडलं होतं. किचन ग्राउंडच्या पार टोकाला, बाथरूमच्या मागे. तिथं मी गोणीत हात घालून चांगला सुका कांदा निवडला. ओट्यावर बुक्की मारून फोडून घेतला. म्हणजे मॅडमना फोडायचा त्रास नको. काय म्हणावं या अकलेला?

परत आले तर पोरीचे ओठ निळे. सर तळपाय चोळत होते, मॅडमच्या एका हातात फोन. माझ्या हातातला कांदा घेऊन त्यांनी पोरीच्या नाकाशी धरला. आता आचकेपण थांबले होते. तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं. मी मॅडमचा हात बाजूला सारला, गुडघ्यावर बसले आणि दाबायला लागले. सरांना ओरडून सांगितलं, ऑफिसातली लाल पेटी आणा, ॲम्ब्युलन्स बोलवा. तीस झाले. पोरीची हनुवटी वर केली, नाक धरलं, वाकले. मागनं पदर ओढला गेला.

"तोंड नका लावू."

तेच शब्द. आणि खरं सांगते, मी क्षणभर थांबले. तेव्हासुद्धा थांबले. मग म्हणाले, "सोडा." पदर हिसकला आणि श्वास दिला. पोरीची छाती वर आली.

पेटी आली. उघडली की ती स्वतःच बोलते, काय करायचं ते सांगते. छातीवरच्या पट्ट्या मी चिकटवल्या. मशीन म्हणालं, सगळे लांब व्हा. मॅडमपण लांब झाल्या. झटका बसला. मी परत दाबत राहिले, ती कण्हेपर्यंत.

पोरगी जगली. पण उजव्या हातात लेखणी ठरत नाय, बोलता बोलता शब्द सापडत नाय. डॉक्टरांनी आईला सांगितलं, सुरुवातीला मेंदूला रक्त मिळालं नाय. एका रविवारी ग्राउंड मोकळं असताना मी तिथून किचनपर्यंत आणि परत धावले, बाहुलीची छाती दाबताना मोजतात तसं तोंडानं मोजत. दोनशे दहा. एका कांद्यापायी दोनशे दहा दाब मी त्या पोरीला दिले नाय.

तिची आई पेढे आणि साडी घेऊन आली. माझे हात हातात धरून म्हणाली, तुमच्यामुळं पोर दिसतेय. मी मान खाली घातली. तिला वाटलं, मावशी लाजाळू आहे. कांद्याचं मी बोलले नाय. साडीची घडी अजून मोडलेली नाय.

यंदा परत ती बाहुली आली. मॅडमनी न बघता बोळा आणि स्पिरिटची बाटली माझ्यापुढे धरली. मी घेतली नाय. सगळ्या टीचरांच्या आधी जाऊन गुडघ्यावर बसले, तीस दाब दिले, बाहुलीच्या तोंडाला तोंड लावलं. उठून मॅडमना म्हणाले, "आज तुम्ही पुसा."

मॅडमनी पुसलं. माझ्यामागं मी वॉचमनला बसवलं, मग किचनमधल्या बाईला.

येत्या रविवारी ती साडी घेऊन मी त्या आईच्या दारात जाणार आहे. कांद्याचं सगळं सांगणार आहे, दोनशे दहाचंही. तिनं दारातनं हाकललं तर हाकलू दे. आणि पुन्हा एखादं मूल पडलं, तर कुणी काहीही आणायला सांगो, मी जागची हलणार नाय.