राखणीची शिट्टी

आमच्या ऑफिसात चार माणसं चहाला जमली की कुणीतरी हमखास म्हणतं, "तो वीटभट्टीचा किस्सा सांगा ना." मग त्याच्या आधीचे दोन सांगावे लागतात, मधलाही एखादा आठवतो आणि चहा गार होतो. किस्से एकटे येतच नाहीत, पाहुण्यांसारखे पोराबाळांसकट येतात.

आमची संस्था गरिबांना परवडतील अशी घरं बांधते आणि भाड्यानं देते. ऑफिस क्रांती चौकाजवळ. ती दुष्काळाची वर्षं होती. गावं ओस पडत होती आणि शहर चारी बाजूंनी फुगत होतं. मुंबईच्या हेड ऑफिसनं फर्मान काढलं, की आपल्या साइटवर आणि आपल्याला विटा-वाळू पुरवणाऱ्यांकडं कुणाला डांबून कामाला लावलेलं नाही ना, याची खात्री करा. ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी साइटवर बॅनर लागला, 'आधुनिक गुलामगिरी रोखूया'. आमचा ड्रायव्हर सलीमभाई शहागंजचा. त्यानं गाडी थांबवून बॅनर नीट वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, पुरानीवाली बंद हो गई क्या?"

*

मजुरांना काय विचारायचं तेही हेड ऑफिसनंच ठरवून दिलं होतं. पहिलाच प्रश्न, 'तुम्ही इथून जाऊ शकता का?'

आमच्या साइटवरच्या एका गवंड्याला आणि त्याच्या बायकोला मी तो अगदी गोड आवाजात विचारला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाई उठली, चूल विझवली आणि भांडी गाठोड्यात बांधायला लागली. गवंडी हात जोडून म्हणाला, "जातो की मॅडम. पर चुकलं काय आमचं?"

ते गाठोडं मी स्वतः बसून सोडवलं. चूल पुन्हा पेटली, मला चहाही मिळाला. त्या दिवसापासून तो प्रश्न मी कायमचा बाद केला आणि त्याऐवजी विचारायला लागले, "गावाला कधी जाऊन आलात?"

*

आमच्या विटा पैठण रोडवरच्या एका भट्टीवरून यायच्या. तिथला मुकादम भारी बोलका. मी मजुरांना काहीही विचारलं की उत्तर तोच द्यायचा. जेवण कसं आहे? "झकास." पाणी? "टँकर येतो की." एका म्हाताऱ्याला मी त्याचं नाव विचारलं, तेही मुकादमानंच सांगितलं.

शेवटी मी वैतागून म्हणाले, "अहो, या लोकांना मोकळेपणानं बोलता येतं की नाही?"

"येतं की," मुकादम म्हणाला. "मी बोलतोय नव्हं?"

*

त्याच भट्टीवर गयाबाई भेटली. ती आणि तिचा नवरा म्हसू, दोघं मेंढरांमागं हिंडलेली. चारा-पाणी आटलं तशी मेंढरं विकली आणि विटा थापायला आली. मी माझा नवा प्रश्न विचारला. म्हसू पोळ्याला गावाला जाऊन आला होता, जत्रेलाही जाऊन आला होता. "आणि गयाबाई?"

"ती राखणीला असती," मुकादम म्हणाला.

मला फार बरं वाटलं. एवढ्या भट्टीची राखण एका बाईच्या हाती! ऑफिसात येऊन मी कौतुकानं सांगितलं. आमचे साहेब शेतकरी घरातले, पण इंजिनिअर होऊन शहरात मुरलेले. तेही हरखले. म्हणाले, "मग तिला साधनं नकोत का?" पुढच्या खेपेला आम्ही गयाबाईला वॉचमनची शिट्टी दिली, चांगली दोरी-बिरी लावून. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि गळ्यात घातली. मुकादम मात्र पोट धरून हसला. आम्हाला वाटलं, माणूस दिलखुलास आहे.

*

पुढं एकदा गेले तर मुकादम दुसऱ्या भट्टीवर गेलेला. गयाबाई विटांच्या आडोशाला बसून रडत होती. तिच्या लेकीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि माहेरच्या दाराला कुलूप.

"मग जा ना तुम्ही," मी म्हणाले. "राखणीला दुसरं कुणी बसेल."

गयाबाईनं डोळे पुसले. "म्याडम, राखणीला म्हंजी मी राखत नाय वं. मला राखत्यात."

दोघांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतलेली. म्हसू गावाला गेला की परत यावा म्हणून मुकादम बायकोला ठेवून घ्यायचा. भट्टीवरच्या प्रत्येक घरातलं एक माणूस असं राखणीला होतं. गळ्यातली शिट्टी चाचपत ती म्हणाली, "मेंढरं व्हती तवा मी राखण करायची. तवाचं बेस व्हतं."



*

बांधकाम थांबलं की आमच्या साहेबांचं बीपी चढतं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकलं आणि तहसील कार्यालयात फोन लावला. मग भट्टीवाल्याला कळवलं, की माणसं मोकळी होत नाहीत तोवर तुमची एकही वीट आमच्या बिल्डिंगला लागणार नाही.

भट्टीवाला ऑफिसात येऊन गळा काढायला लागला, "साहेब, गयाबाईला आम्ही घरच्यासारखं ठेवलंय हो."

साहेब म्हणाले, "मग आता तिला तिच्या घरी ठेवा."

बिल्डिंग अर्धी उभी होती. साहेब रोज तिच्याकडं बघायचे, बीपीची गोळी घ्यायचे आणि पुन्हा खुर्चीत बसायचे. मला त्या माणसाबद्दल तेव्हा जेवढा आदर वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

*

तहसीलची माणसं येऊन गेली. उचलीवरून कुणाला अडकवता येत नाही, हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी आणि सलीमभाई गाडी घेऊन भट्टीवर गेलो. गयाबाईचं गाठोडं तयार होतं. म्हसूनं ते डिकीत ठेवलं आणि तो पुढं बसला. गयाबाई पाठीमागं माझ्याशेजारी बसली. लेक सासरहून निघाली होती, कुलूप उघडायला आई आधी पोचायला हवी होती.

मुकादम गाडीला आडवा आला. त्याला अजूनही खरं वाटत नव्हतं. "दोघंबी चाललात व्हय?" तो म्हणाला. "आन् राखणीला कोण?"

गयाबाई गाडीतून उतरली. ती मुकादमासमोर गेली, गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या गळ्यात घातली.

"तुमी ऱ्हावा," ती म्हणाली आणि गाडीत येऊन बसली.