सहावा तुकडा

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाची कपबशी फुटली की फेकत नाहीत, बुधाजींकडे आणतात. बुधाजी म्हणजे माझे बाबा. मिलच्या रिंग खात्यात वीस वर्षं त्यांनी तुटलेलं सूत सांधलं. मिल गेली, बोटं तशीच राहिली. बुधाजी फुटलेलं डोकंही सांधून देतील, असं शेजारी चिडवतात.

मी जीवाश्मांवर पीएचडी करते. विदर्भातल्या एका नाल्यात आम्हाला मांसाहारी डायनासोरच्या पायाच्या हाडाचे सहा तुकडे मिळाले. माणसाएवढाच असेल तो, पण कुणालाच ठाऊक नसलेला. सहाही जुळले तर नवी जात ठरणार होती, आणि तिला मी बाबांचं नाव देणार होते. त्यांना हे सांगितलं नव्हतं. एका रविवारी त्यांना लॅबमध्ये नेलं.

पाच तुकडे त्यांनी बघता बघता जुळवले. सहाव्याच्या कडेवरून अंगठा फिरवला नि तो खाली ठेवला.

"हा ह्यातला नाय."

"अहो बाबा, बसतोय की!" मी दाबून दाखवला.

"बसवलास म्हणून बसतोय."

माझं टाळकंच सटकलं. "तुम्हाला काय कळतंय हाडांतलं? सातवी शिकलेला माणूस!" बोलून गेले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा रागावले नाहीत. स्टुलावर बसून म्हणाले, "एकदा माझ्या हातून दुसऱ्या नंबरची, जाड सुताची बॉबीन चढली. बोटाला कळलं होतं. पण जॉबर, खात्याचा मुकादम, डोक्यावर उभा, दिला धागा सांधून. पुढे कापडात पट्टा उठला आणि आळ आला विणकरावर, शिवावर. लाख माणूस होता. त्याला घरी बसवलं. मी तोंड उघडलं नाय, बाय."

चाळीस वर्षांत हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी मी सहाव्या तुकड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मगर निघाली! नुसत्या पाच तुकड्यांवर नवी जात ठरत नाही. घरी येऊन ढसाढसा रडले आणि बाबांना सगळं सांगून टाकलं, नावाचंसुद्धा.

ते बराच वेळ मोबाइलवर त्या पाच तुकड्यांचा फोटो बघत राहिले.

"बाकीचा पाय गावेल कधीतरी," ते म्हणाले. "तेव्हा माझं नाव नको. शिवाचं दे."