गाळाखालचे पिवळे पाय

"ह्या लोकांना पक्षी फक्त खाऊन ओळखता येतो."

पाखरं बगाय येनारा सायेब असं म्हनला आनि पुन्यासनं आलेली सगळी मान्सं फिदीफिदी हसली. मी गुडघाभर गाळात उभी. मीबी हसले. त्या हसन्याची मला आजबी किळस येती.

दोन हजार तीन साल असंल. पाऊस उघडला की आमच्या रिहे गावच्या तलावाच्या कडंला बारकी पाखरं उतरायची. त्याच सालची पिल्लं, चिमनीएवढी, सगळी सारखी भुरकट. आमी कातकरी. खेकडी धरताना मी त्यांच्यातच वावरायची. म्हनून सायेब तीन वर्सं मलाच बोलवायचा. मी बोट दावायची, त्यो वहीत टिपायचा. बिस्किटं द्यायची झाली की वरनं, लांबनं माज्या हातात टाकायचा. बोटाला बोट लागाय नको म्हनून.

त्या दिवशी दुर्बीन लावून त्यो म्हनला, "पाय काळे. छोटा टिलवा."

मी म्हनलं, "सायेब, गाळ हाय त्यो पायाला. छोटा टिलवा तुरुतुरु पळतो. ह्यो बगा कसा दबकत चाललाय. ह्यो दुसराच हाय. पान्यात उतरू द्या, पाय पिवळं निगत्याल."

तवाच त्यो ते खायाचं बोलला.

थांबलो. पाखरू पान्यात शिरलं, भायेर आलं. पाय पिवळं. हसनारी मान्सं दुर्बिनी लावाय लागली.

सायेबानं घसा खाकरला. "मला वाटलंच होतं. टेमिंकचा टिलवा! इथे पहिल्यांदा मीच पाहिला." लगेच वही काढली. पाखराच्या नावाखाली सोताचं नाव लिवलं.

माज्या तोंडाला कडू पानी आलं. थू! एवढं शिकलेला मानूस, आनि बाईच्या डोळ्यांची चोरी करतो.

"सायेब, वळखला मी," मी म्हनलं. "माजं नाव लिवा."

"बाई, ही पक्ष्यांची वही आहे. रेशनकार्ड नाही."

परत सगळी हसली. ह्या वक्ती मी हसले न्हाई. त्यानं पिशवीतनं बिस्किटाचा पुडा काढून वर धरला. "घे."

मी हात मागं घेतला. पुडा गाळात पडला.

"उचला," मी म्हनलं. "तुमचा हाय."

त्यो वाकला न्हाई. मीबी न्हाई. टोपली घेतली आनि सरळ घरला आले.

मागनं पाखरं बगनारे लई जन आले, मावशी मावशी करत, गोड बोलत. सगळ्यांना येकच सांगते. आदी माजं नाव लिवायचं. माज्या म्होरं मोठ्यानं वाचायचं. मगच मी बोट उचलीन. न्हाईतर ऱ्हावा गाळात उभं.