आत्याचा अंगठा आणि माझा कर्नल

मी काय काम करतो, हे आमच्या खर्डी गावात कोणाला सांगायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. घरी बसून कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, एवढं लोकांना पुरतं. खरं तर रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनचा कर्नल आम्ही लिहितो. कर्नल म्हणजे मशीनचा सगळ्यात आतला कारभारी. बटणं, बॅटरी, अंगठ्याची काच, सगळं त्याच्या हुकमाने चालतं.

आत्याला मशीनने सलग दोन महिने ‘ठसा जुळत नाही’ म्हणून परत पाठवलं, तेव्हा मी शहाण्यासारखं निदान करून मोकळा झालो. म्हटलं, “आत्या, जन्मभर भाताची लावणी केलीस, बोटं झिजली तुझी.” त्या दिवसापासून ती अंगठा मुठीत लपवायला लागली. रोज खोबरेल चोळायची. तिसऱ्या महिन्यातही धान्य उचललं नाही तर कार्ड बंद पडेल, अशी गावात बोलवा होती. तिला मात्र खुपत होतं ते वेगळंच. “सगल्या रांगेसमोर मशीन बोललं, मी मी नाय,” असं म्हणून एकदा ढसाढसा रडली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचणीचं एक मशीन माझ्याकडे होतंच. तिला समोर बसवली आणि ट्रेसिंग चालू केलं. ते चालू असलं की कर्नलमधल्या कुठल्या फंक्शनने, म्हणजे कोडच्या तुकड्याने, कोणाला बोलावलं, कधी बोलावलं, सगळं ओळीने पडद्यावर येतं. दहादा अंगठा घेतला. नऊ वेळा नुसता काळा डाग उठला. एकदा मात्र रेषा लख्ख दिसल्या! तेव्हा तिला खोकल्याची उबळ आली होती, म्हणून तिचा हात काचेला जरा उशिरा लागला होता.

म्हणजे अंगठा धडधाकट होता. आता खोट कुठे?

मी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या. बटण दाबलं की आधी काच जागी होते, मग ‘रिकामी काच अशी दिसते’ म्हणून स्वतःचं मोजमाप घेते. नऊ वेळा त्या मोजमापाच्या आधीच बोटाची चाहूल लागली होती. पुन्हा बटण दाबून मी या खेपेला पडद्याऐवजी आत्याकडे बघितलं. तिने काचेला बोटं लावली, कपाळाला नेली आणि मग अंगठा ठेवला. सुपाला, पायलीला आमच्याकडे बाया करतात तसाच नमस्कार. धान्य देणारी वस्तू ना ती! मशीन बिचारं तिची बोटं लागलेली काचच रिकामी समजत होतं.

पण मोजायच्या आधी काच खरंच रिकामी आहे का, हे बघणारं फंक्शन होतं की आमच्या कोडमध्ये. दहाच्या दहा नोंदी चाळल्या. त्याला कोणी बोलावलेलंच नव्हतं. जुना कोड उघडला, तर त्याला बोलावणारी ओळ काढून टाकणारा मीच. मशीन जरा फास्ट व्हावं म्हणून. वर कौतुकही झालं होतं माझं.

“आत्या, तुझा अंगठा चांगला आहे. चूक माझी आहे,” मी म्हटलं. मला वाटलं, चिडेल. तिने अंगठा उजेडात धरून नीट बघितला.

“मंग ह्ये दुकानात येऊन सांग. सगल्यांपुढं.”

ओळ मी त्याच दिवशी परत घातली, पण दुरुस्ती दुकानांपर्यंत पोचायला वेळ लागणार होता. दुसऱ्या दिवशी आत्याबरोबर दुकानात गेलो. नमस्कार नंतर कर, म्हणून तिला आधीच बजावलं होतं. पहिल्याच खेपेला ठसा जुळला. मग रांगेकडे तोंड करून सांगितलं, की आत्याच्या अंगठ्यात काही खोट नव्हती, मशीनच्या आतलं काम मी चुकीचं केलं होतं, म्हणून तिला परत पाठवलं गेलं.

कोणी हसलं नाही. रांगेच्या शेवटी, भिंतीला टेकून, पाड्यावरची एक म्हातारी रिकामी पिशवी घेऊन उभी होती. तिने हळूच अंगठा वर केला.

“आन माझा, रे?” तिने विचारलं. “माझं कार्ड तं बंद झालं.”