अर्धा कोयता

आबांना जाऊन दोन महिने झाले. त्यांचे कागद आवरताना अपंगत्वाचा दाखला हाती आला. त्यावर साठ टक्के लिहिलं आहे. कोर्टाने मात्र ते पूर्ण धरलं, आणि ते कसं घडलं हे मी पाहिलं आहे. मी तेव्हा सातवीत होते.

माय आणि आबा दर हंगामाला ऊसतोडीला जात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना आबा पडले. कण्याला मार बसला, पाय गेले. हात शाबूत राहिले. बीडच्या कोर्टात भरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा सगळा वाद त्या हातांवरच आला. माणूस कामाला पूर्ण मुकला असेल तर पूर्ण भरपाई, नाहीतर दाखल्याच्या प्रमाणात.

विमा कंपनीच्या वकिलाने आबांना विचारलं, "घरी बसून काही काम करता का?"

आबा त्या दिवशी नवा सदरा घालून आले होते. आपण बसून खातो, हे चारचौघांत सांगणं त्यांना जमलं नाही.

"करतो की. दोर वळतो, लसूण सोलतो. रिकामा न्हाई बसत म्या."

वकील समाधानाने खाली बसला. मागच्या बाकावरून माय उठली.

"अवो, लसूण सोलल्याचं काय कौतुक सांगताय साहेबाला! येवढे कामाचे हाईत तर चला की उद्या ऊस तोडाया फडावर!"

लोक हसले. आबांनी मान खाली घातली. न्यायाधीशांनी मायला आधी दटावलं, मग काय मनात आलं कोण जाणे, पुढे बोलावून विचारलं, "फडात काम कसं मोजतात?"

"जोडीनं, साहेब. नवरा-बायको मिळून एक कोयता. ह्यांनी तोडायचं, म्या मोळ्या बांधायच्या. हे पडले तवापून मला बी कोन नेईना. तुमी ह्यांचे हात मोजताय, हितं आमचा कोयताच मोडलाय."

आमच्या टोळीचा मुकादम विमा कंपनीच्या बाजूने साक्षीला आला होता. न्यायाधीश त्याच्याकडे वळले. "या बाईंना एकट्या न्याल?"

वकील त्याच्याकडे रोखून पाहत होता. मुकादमाने टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई, साहेब. एकट्या बाईला न्हाई नेत. अन् ह्याच्यावानी मोळी उचलणारा गडी माझ्या टोळीत न्हवता. आता ह्याला जमंल असं काम फडात न्हाई. खोटं कावून बोलू?"

त्याला वेगळं बोलता आलं असतं. कदाचित तसं बोलण्यासाठीच त्याला आणलं होतं. आजही त्याची आठवण आली की माझे हात आपोआप जुळतात.

पुढच्या तारखेला निकाल लागला: कायमचं आणि पूर्ण अपंगत्व. परतताना जीपमध्ये आबा मायला म्हणाले, "पुरता निकामी ठरवलंस मला."

"कागदावर," माय म्हणाली. "घरी लसूण हायच."

भरपाईतून शेळ्या आल्या, आणि मायला पुन्हा कामासाठी गाव सोडावं लागलं नाही. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जात, बाकीची नातेवाइकांकडे राहत. माझे दोघंही घरी होते. संध्याकाळी मी धडा मोठ्याने वाचायचे, आणि शाळेत कधी न गेलेले आबा म्हणायचे, "सावकाश वाच गं. मला बी कळू दे."